पोस्टाची फ्रँचायझी घ्यावी का? काउंटरवर पैसा नेमका कुठे असतो ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, शेजारी कोर्ट आणि तहसील, पोस्ट तिथून दीडेक किलोमीटरवर. एकजण म्हणतोय की पोस्टाची फ्रँचायझी घ्या, स्पीड पोस्टही होईल, खातीही उघडता येतील, महिन्याला पन्नासेक हजार कुठे गेले नाहीत. त्यासाठी तो नोंदणी शुल्क म्हणून २५ हजार मागतोय. घ्यावी का?

त्या २५ हजारांचं आधी संपवू. ते देऊ नका. फ्रँचायझीचा अर्ज आपल्या विभागाच्या अधीक्षक किंवा प्रवर अधीक्षक डाकघर यांच्या कार्यालयात जातो. मध्ये एजंट नसतो. जी रक्कम द्यावी लागते ती अनामत असते, तीही हजारांत, लाखांत नव्हे. ती विभागाच्या नावे गहाण ठेवलेल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या रूपात घेतात, म्हणजे तिच्यावर तुम्हाला व्याजही मिळतं. कोणाच्या गूगल-पे वर पैसे टाकायला सांगत असतील किंवा पोस्टाच्या नावासारखी दिसणारी वेबसाइट दाखवत असतील, तर विषय तिथेच संपवा.

आता खरा प्रश्न. तुम्ही फ्रँचायझीबद्दल विचारताय, पण मनात हिशेब वेगळाच आहे: पोस्टाच्या नावावर जे काही चालतं, त्यातलं किती माझ्या काउंटरवर येईल? याचं उत्तर समजायला पोस्टाची कमाई कशावर चालते ते माहीत हवं.

भारतीय डाक विभागाकडे सुमारे १ लाख ६५ हजार कार्यालयं आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात. पत्र आणि पार्सलं हा त्याचा चेहरा, पण उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा वाटा बचत बँकेकडून येतो. बचत बँकेचं काम विभाग अर्थ मंत्रालयाच्या वतीने करतो. आरडी (दरमहा हप्त्याची आवर्ती ठेव), एमआयएस (मासिक उत्पन्न योजना), किसान विकास पत्र, सुकन्या यांत भरलेला पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो, आणि खाती सांभाळल्याबद्दल मंत्रालय विभागाला खात्यामागे मोबदला देतं. त्यामुळे पोस्टातली खिडकी टपालासाठी उघडी दिसत असली तरी तिचं भाडं पासबुकं भरतात. आणि हेच काम विभाग स्वतःच्या खिडकीबाहेर जाऊ देत नाही. केवायसीची जबाबदारी, रोकड, आणि पासबुकावरच्या सहीचा विश्वास, ही तीनही कारणं त्याच्या दृष्टीने रास्त आहेत.

म्हणून फ्रँचायझी आउटलेटला मिळतं ते टपालाचं काम: स्पीड पोस्ट आणि मनीऑर्डर बुक करणं, तिकिटं, लिफाफे, रेव्हेन्यू तिकिटं विकणं. बचत खातं उघडणं, आरडी भरून घेणं, घरोघरी टपाल वाटणं, यातलं काहीही नाही. तुम्हाला सांगणाऱ्याने दोन वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या आहेत.

मूळ योजनेचं दरपत्रक असं: स्पीड पोस्टमागे ५ रुपये, रजिस्टर्डमागे ३ रुपये, १०० ते २०० रुपयांच्या मनीऑर्डरला साडेतीन रुपये आणि त्यापुढे ५ रुपये, तिकिटं आणि टपाल सामग्रीच्या विक्रीवर ५ टक्के. महिन्याला रजिस्टर्ड आणि स्पीड पोस्ट मिळून एक हजारावर गेलात तर त्या कमिशनवर २० टक्के वाढीव. दर बदलत राहतात, म्हणून सही करण्याआधी करारनाम्याचं परिशिष्ट मागून घ्या आणि आकडे तिथलेच धरा. पण कमिशनचा आवाका कळायला हे पुरेसे आहेत.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे तीन रुपयांची ओळ आता जवळपास इतिहासजमा आहे. कोर्टाशेजारी दुकान असलेल्या माणसाने हे नीट समजून घ्यावं, कारण तुमच्याकडे वकिलांचे कारकून येतील आणि सवयीने ‘आरपीएडी करा’ (पोचपावतीसह रजिस्टर्ड) म्हणतील. साधं स्पीड पोस्ट हे पत्त्यावर दिलं जातं, घरात जो असेल तो घेऊ शकतो. रजिस्टर्ड हे ज्याच्या नावाने आहे त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्यालाच. विलीनीकरणानंतर हा गुण ‘नोंदणी’ या जादा सेवेच्या रूपाने स्पीड पोस्टला जोडून मिळतो. बुकिंग करताना ती निवडली नाही तर कायदेशीर नोटीस साध्या स्पीड पोस्टने जाईल, शेजारच्याने किंवा पोराने सही करून घेतली म्हणून वकील तुमच्या दुकानात येऊन उभा राहील, आणि पावती बघितल्यावर चूक तुमचीच निघेल. पोचपावती हवी असेल तर तीही वेगळी निवडायची. नुसती नोंदणी केली म्हणून पोचपावती आपोआप येत नाही.

एक नोटीस जवळून बघू. वजन ५० ग्रॅमच्या आत, पुण्याला जायचंय. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि गावाबाहेर कुठेही ४७. त्यावर नोंदणीचे ५, म्हणजे ५२. १८ टक्के जीएसटी ९ रुपये ३६ पैसे, मिळून ६१ रुपये ३६ पैसे, पोचपावती घेतली तर तिचं वेगळं. यात तुमचे पाच रुपये. आता लिफाफा ५० ग्रॅमच्या काठावर असेल तर? चार पानांच्या नोटिशीला जाड फुलस्केप लिफाफा, वर दोन-तीन झेरॉक्स, की काटा ५२ दाखवतो आणि पुढचा टप्पा लागतो. ग्राहक म्हणतो, मागच्या वेळी तर एवढे लागले नव्हते. म्हणून काटा इलेक्ट्रॉनिक हवा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि वैधमापनशास्त्र विभागाकडून त्याची दर वर्षी पडताळणी आणि मुद्रांकन केलेलं हवं. भाजीचा काटा चालणार नाही. पोस्टात परत वजन झालं आणि फरक निघाला तर तो फरक ग्राहकाकडून वसूल होत नाही, तुमच्या खिशातून जातो.

आता महिन्याचं गणित. दिवसाला ३० नग, २५ दिवस, म्हणजे ७५० नग. पाच रुपयांनी ३,७५० रुपये. तिकिटं आणि लिफाफे पाच हजारांचे विकलेत तर २५० रुपये. एकूण चार हजार. दिवसाला ४० च्या वर गेलात आणि महिन्याला हजार ओलांडले, तर पाच हजारांवर २० टक्के धरून सहा हजार. हजाराची ती पायरी महत्त्वाची आहे. ९८० नग झाले तर ४,९००, आणि आणखी एकवीस झाले की ६,००६. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आकडा कुठे आहे त्यावर नजर ठेवावी लागते. पण पन्नास हजार? त्यासाठी महिन्याला आठ-नऊ हजार नग लागतील, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या आसपास. एवढं टपाल तालुक्याच्या कित्येक पोस्टांतसुद्धा बुक होत नाही.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या ग्राहकाकडे रोज पन्नास-शंभर पार्सलं आहेत, ऑनलाइन साड्या विकणारा, मसाले पाठवणारा, तो फार दिवस तुमच्याकडे राहत नाही. विभाग अशांशी थेट करार करतो, महिनाअखेर बिल, घरून पिकअप आणि मोठ्या ग्राहकांसाठी सवलत. पोस्टाचा मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह त्याला शोधतच असतो. तेव्हा फ्रँचायझीचा धंदा हा किरकोळ ग्राहकांचाच असतो: वकील, माहिती अधिकारवाले, फॉर्म पाठवणारे विद्यार्थी, श्रावणात राख्या. अंदाज बांधताना मोठा ग्राहक धरू नका.

रोजच्या कामात कुठे फसतं? सगळ्यात जास्त वेळेत. तुमच्या पोस्टाची बॅग बंद व्हायची एक ठरलेली वेळ असते, कुठे तीन, कुठे साडेचार. तुम्ही संध्याकाळी सहापर्यंत बुक केलेलं टपाल त्या दिवशी तुमच्याच दुकानात झोपतं आणि दुसऱ्या दिवशीच्या बॅगेत जातं. ग्राहकाच्या पावतीवर मात्र आजची तारीख. परीक्षेचा फॉर्म किंवा टेंडर असेल तर भांडण नक्की. पोस्टमास्तरांना डिस्पॅचची वेळ विचारा, तिच्या अर्धा तास आधीची वेळ काउंटरवर ठळक लावा, ‘यानंतरचं टपाल उद्या निघेल’ असं. माणसाने दीड किलोमीटर जाऊन बॅग द्यायची, पावती घ्यायची, भरणा द्यायचा, यात रोज पाऊण तास धरा. दुकान एकट्याने चालवत असाल तर नेमकी तीच गिर्‍हाइकांच्या गर्दीची वेळ असते.

दुसरी चूक पिनकोडची. सहा आकड्यांतला एक इकडचा तिकडे झाला की पाकीट भलत्याच जिल्ह्यात जाऊन फिरून येतं. पत्ता टाइप करताना पिन टाकल्यावर जिल्ह्याचं नाव समोर येतं, ते ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवा. तिसरी, पॉवर बँक आणि मोबाइलच्या सुट्या बॅटऱ्या. हवाई मार्गाने जाणाऱ्या टपालात त्या अडकतात. पार्सल पॅक करून आणलेलं असलं तरी आत काय आहे ते विचारा.

आतापर्यंतचा सारांश इतकाच: फ्रँचायझी हे उत्पन्न नाही, दुकानात माणूस आणण्याचं साधन आहे. नोटीस पाठवायला आलेला झेरॉक्स काढतो, लिफाफा घेतो, लॅमिनेशन करतो. ते तुमचं मार्जिन. त्या हिशेबाने घ्यायची असेल तर जरूर घ्या.

मग पोस्टाच्या आर्थिक सेवांमधलं काय मिळू शकतं? मिळतं, पण दुकानाला नाही, व्यक्तीला. आणि तिथेच पैसा आहे.

अल्पबचतीच्या एजन्सी दोन प्रकारच्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना, म्हणजे लोक जिला आरडी एजन्सी म्हणतात, ती फक्त महिलांना मिळते. आरडीत जमा केलेल्या रकमेवर ४ टक्के कमिशन. दुसरी एसएएस (स्टँडर्डाइज्ड एजन्सी सिस्टीम), कोणालाही मिळू शकते, एमआयएस, टाइम डिपॉझिट (मुदत ठेव), किसान विकास पत्र अशा योजनांवर अर्धा टक्का. पूर्वी ते एक टक्का होतं. १ डिसेंबर २०११ पासून अर्धा झाला आणि पीपीएफ व ज्येष्ठ नागरिक योजनेवरचं कमिशन तर बंदच झालं. एजन्सीचं काम आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अल्पबचत शाखेतून होतं, पोस्टातून नाही. पोस्टात नुसती चौकशी करून परत येणारे बरेच असतात.

आता तुलना करा. दीडशे घरं, प्रत्येकाची महिन्याला हजार रुपयांची आरडी. महिन्याचा भरणा दीड लाख, चार टक्के म्हणजे ६,००० रुपये. तेवढ्याच कमिशनला फ्रँचायझीत हजार स्पीड पोस्ट लागली. फरक असा की स्पीड पोस्टचा ग्राहक रोज नव्याने यावा लागतो, आणि आरडीचं खातं ६० महिने चालतं. मुदत संपली की तोच माणूस बहुतेक वेळा नवं खातं उघडतो. ६.७ टक्के दराने हजाराच्या आरडीचे पाच वर्षांनी ७१ हजारांहून थोडे जास्त होतात. त्यातले पन्नास हजार एमआयएसमध्ये ठेवायला लावले तर एसएएसचा अर्धा टक्का वेगळा, म्हणजे अडीचशे रुपये. पोस्टाच्या खिडकीला जे लागू तेच इथेही: बचतीचं खातं लावून ठेवलं की ते वर्षानुवर्षं कमिशन देतं.

पण ही फिरण्याची कामं आहेत, आणि महिन्यात दोन ठरलेल्या तारखा आहेत. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेलं असेल तर हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत भरायचा. १६ किंवा त्यानंतर उघडलेलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. चुकलं की शंभराला एक रुपया दंड, चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत परत सुरू करावं लागतं. म्हणून हुशार एजंट नवी खाती उघडताना दोन्ही गठ्ठे सारखे ठेवतात, सगळी १५ च्या आत घेत नाहीत. नाहीतर १२ ते १५ या चार दिवसांत दीड लाख गोळा करून पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्यात एक रविवार आणि एक सणाची सुट्टी आली की दंड ग्राहक भरत नाही, एजंट भरतो.

भरण्याची पद्धत अशी. प्रत्येक घरी हप्ता घेताना अस्लास कार्डावर (एजंटच्या हप्त्यांच्या नोंदीचं कार्ड) रक्कम आणि सही, ग्राहकासमोर. संध्याकाळी एजंटच्या पोर्टलवर ज्यांचे पैसे आलेत ती खाती निवडून यादी बनवायची, कोणी दोन किंवा तीन हप्ते एकदम दिले असतील तर त्या खात्यासमोर तेवढे टाकायचे. सहा हप्ते आगाऊ दिले तर शंभराच्या हप्त्यामागे दहा रुपये सूट मिळते, बारा दिले तर चाळीस. यादी सेव्ह केली की संदर्भ क्रमांक मिळतो, प्रिंट काढून रोख किंवा चेकसोबत पोस्टात. यादीतली बेरीज आणि हातातली रोकड जुळली नाही तर सगळी यादी परत येते, म्हणून मोठ्या याद्यांपेक्षा छोट्या याद्या बऱ्या. पोस्टात भरणा झाला की पासबुकं छापून घ्यायची. हे टाळू नका. ग्राहकाचा विश्वास कार्डावर असतो, पण कायद्याच्या दृष्टीने पुरावा पासबुकाची नोंद हाच असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल, कारण ती आपल्याकडे सर्रास चालते. एजन्सी बायकोच्या नावावर आणि फिरतो नवरा, किंवा दुकानातला पोरगा. परवाना तिचा, सही तिची, जबाबदारीही तिचीच. पैशांची गडबड झाली तर कागदावर आरोपी तीच होते. घरातल्या बाईंना हे काम स्वतः करायचं असेल, बचत गटात त्यांची ओळख असेल, तरच अर्ज करा. आणि दुसरं: एजन्सी नसताना ‘पोस्टात भरतो’ म्हणून वहीत पैसे घेणं, किंवा पोस्टाच्या आरडीच्या बरोबरीने तीच मंडळी घेऊन भिशी चालवणं, हे दोन्ही करू नका. अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे, आणि त्याहून आधी गावातली पत जाते. कमिशनवर टीडीएस कापला जातो, २०२५-२६ मध्ये वर्षाला २० हजारांवर गेल्यास २ टक्के, पॅन दिला नसेल तर २० टक्के. पॅन पहिल्याच दिवशी जोडा.

विमा हा दुसरा रस्ता. टपाल जीवन विमा १ फेब्रुवारी १८८४ पासून आहे, ग्रामीण टपाल विमा मार्च १९९५ पासून. थेट एजंट म्हणून नेमणूक होते, दहावी पुरते. ग्रामीण विम्यात पहिल्या वर्षीच्या प्रीमियमवर १० टक्के, नंतरच्या वर्षांना अडीच. टपाल जीवन विम्यात एंडोमेंट पॉलिसीच्या (मुदत संपल्यावर रक्कम परत देणारी) मुदतीनुसार ४, १० किंवा २० टक्के, नूतनीकरणाला एक. तुमच्याकडे तहसीलचे कर्मचारी, शिक्षक येत असतील तर टपाल जीवन विमा खपेल. आधी तो सरकारी नोकरांपुरता होता, आता पदवीधरांनाही घेता येतो. गावातल्या शेतकऱ्याला ग्रामीण विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे प्रीमियम उतरला आहे, हे ग्राहकाला सांगायला सोपं आहे. पण विमा विकायला जीभ लागते. काउंटरवर बसून तो विकला जात नाही.

तिसरी गोष्ट अंगठ्यावर पैसे, म्हणजे आधारवरून अंगठा लावून पैसे काढून देणं. इथे लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो, कारण पोस्टात दोन वेगळी खाती असतात. एक पोस्टाचं बचत खातं, सरकारी अल्पबचतीचं. दुसरं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं. ती वेगळी कंपनी आहे, पूर्ण सरकारी मालकीची, १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली. पेमेंट्स बँक असल्यामुळे ती कर्ज देऊ शकत नाही. खात्यात दिवसअखेर २ लाखांपर्यंतच ठेवता येतात, ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२१ मध्ये एक लाखावरून वाढवली. वरची रक्कम जोडलेल्या पोस्ट खात्यात वळते. तिच्या ठेवींचा तीन चतुर्थांश हिस्सा सरकारी रोख्यांतच ठेवावा लागतो, त्यामुळे व्याजाचं मार्जिन जेमतेम. ती जगते ती व्यवहारांच्या शुल्कावर, दुसऱ्यांचे विमे आणि कर्जं पोचवण्याच्या कमिशनवर, आणि पोस्टमनच्या पायांवर. तिला काउंटर हवे आहेत, पण ते तिला पोस्टाकडून आयतेच मिळतात, म्हणून तुमच्या दुकानाची तिला तितकी निकड नाही.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये यायला लागल्यावर आधार जोडलेलं खातं हवं म्हणून अनेक बायकांनी हेच खातं काढलं. हप्ता जमा झाला की पोस्टात रांग लागते. त्यांना पैसे काढायला पोस्टातच जावं लागत नाही. आधारवरून पैसे काढण्याची सोय कुठल्याही बँकेच्या प्रतिनिधीकडे चालते. तुम्ही दुसऱ्या एखाद्या बँकेचे ग्राहक सेवा केंद्र झालात तरी पोस्ट बँकेची ग्राहक तुमच्याकडे पैसे काढू शकते. बँकांमधलं इंटरचेंज (ग्राहकाच्या बँकेने पैसे देणाऱ्या बँकेला द्यायचं शुल्क) व्यवहाराच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त १५ रुपये. १,५०० च्या व्यवहाराला साडेसात, आणि त्यातला एक तुकडा तुमच्याकडे येतो. म्हणजे साठ बायकांना पैसे दिलेत तर नव्वद हजारांची रोकड गल्ल्यात हवी आणि हातात येतात शे-दोनशे रुपये. रोकड बँकेतून आणायला जाणारा वेळ धरला तर हाही माणूस आणण्याचाच प्रकार. पण तीच बाई हजाराची आरडी लावू शकते, ते विसरू नका.

यात फसतं ते असं. अंगठा लागला, खात्यातून रक्कम गेली, पण मशीनवर ‘अयशस्वी’ दिसलं. लोक परत अंगठा लावायला सांगतात. तसं करू नका. आधी मिनी स्टेटमेंट काढून बघा. रक्कम कापली गेली असेल तर ती उलटून यायची वाट बघायची, ग्राहकाला व्यवहार क्रमांकाची पावती द्यायची, आणि पैसे द्यायचे नाहीत. दोनदा कापले गेले तर संशय तुमच्यावरच येतो. प्रत्येक यशस्वी व्यवहाराची छापील पावती, रक्कम मोठ्याने सांगून. अंगठ्याचं यंत्र एल-१ या नव्या, जास्त सुरक्षित प्रकारचंच घ्या, जुनं स्वस्तातलं घेऊ नका. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासून या केंद्रांची तपासणी कडक केली आहे. तीन महिने व्यवहार झाले नाहीत तर परत केवायसी झाल्याशिवाय केंद्र सुरू करता येत नाही. म्हणून नुसतं घेऊन ठेवायचं असेल तर घेऊ नका.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने झाली, म्हणून तिचा उल्लेख करतो. तिथली पोस्ट ऑफिस लिमिटेड २०१२ मध्ये रॉयल मेलपासून वेगळी झाली. तिच्या साडेअकरा हजारांच्या आसपास शाखांतल्या बहुतेक खासगी दुकानांत आहेत आणि त्यांच्या काउंटरवर सगळ्या मोठ्या बँकांची रोकड भरता-काढता येते. म्हणजे त्यांनी पैशाचं कामही दुकानदाराला दिलं. पण होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली सदोष होती, ती नसलेली तूट दाखवायची, आणि करारानुसार तूट दुकानदाराने भरायची. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांत शिक्षा झाल्या. चूक प्रणालीची होती हे मान्य व्हायला वर्षं गेली आणि शेवटी २०२४ मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या विभागाने बचतीची रोकड दुकानांना दिली नाही, याचा दुकानदाराला फायदाही आहे तो हा. तरीही करारात तूट कोणाच्या माथी, हे तुम्ही बघायलाच हवं, आणि रोजचा हिशेब त्यांच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता स्वतःच्या वहीत लिहायला हवा: सुरुवातीची रोकड, बुक झालेले नग, विकलेली तिकिटं, भरणा, शिल्लक. वही संध्याकाळी बंद, सॉफ्टवेअरशी ताळा, मग शटर.

तुमच्या बाबतीत काय करायचं, ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कोर्टातून रोज किती पाकिटं निघतात, दुकानात दुसरा माणूस आहे का, आणि घरात एजन्सी स्वतः चालवणारी बाई आहे का. पहिल्यासाठी एक महिना काउंटरवर वही ठेवा. झेरॉक्स काढून ‘पोस्ट कुठे आहे हो?’ विचारणारा प्रत्येक माणूस, एक रेघ. दिवसाला चाळीसच्या आसपास रेघा येत असतील तर फ्रँचायझी घ्या. पंधरा-वीस असतील तर पाकिटं गोळा करून पोस्टात नेऊन देण्याचे दहा रुपये घेतलेत तरी फ्रँचायझीपेक्षा जास्त सुटतील. मात्र ती तुमची स्वतःची सेवा आहे, पोस्टाची नाही, हे पाटीवर लिहा आणि मूळ पावती ग्राहकाला द्या. घरात एजन्सी चालवणारं कोणी असेल तर आरडीपासून सुरुवात करा, फ्रँचायझी नंतर.

आणि फ्रँचायझीच घ्यायची ठरलीत तर अधीक्षक कार्यालयात अर्जाबरोबर हे विचारून घ्या: आमच्या गावात फ्रँचायझीची जागा खरंच आहे का की जवळच्या पोस्टामुळे नाकारतील, भरणा रोज की आगाऊ ठेवीतून, टपाल न्यायला पोस्टाचा माणूस येणार की मीच आणून द्यायचं, कमिशन कधी जमा होतं, आणि तुम्ही किंवा विभाग करार मोडायचं म्हणाल तर नोटीस किती दिवसांची. घरचं कोणी त्याच विभागातल्या पोस्टात नोकरीला असेल तर ते अर्जात आधीच सांगा, कारण तशा नातलगांना फ्रँचायझी देत नाहीत आणि हे मागाहून निघालं तर अनामत सोडवायला खेटे घालावे लागतात.